मुत्तूबाईचं बाळंतपण

एकसष्ट सालची गोष्ट. वणीच्या दवाखान्यात कळा सुरू झालेली मुत्तूबाई खाटेवर चढेचना. तिला फक्त कोलामी कळायची. विमल नर्सच्या "झोप, झोप" ओरडण्यानं ती आणखीच अंग चोरायला लागली.

विमलनं दाराबाहेर तिच्या नवऱ्याला विचारलं, "एवढी काहून भेते?"

"तिच्या मायले असंच खाटेवर आडवं केलतं, बाई. माय उठलीच नाही."

विमलनं गादी जमिनीवर ओढली, मुत्तूबाईसमोर उकिडवी बसली आणि दोन्ही हात पुढे केले. तिनं ते घट्ट धरले. विमल जोर लावून दाखवी, तशी तीही लावी.

दुपारी पोरगी रडली. विमलच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसत मुत्तूबाई काहीतरी बोलली.

"काय म्हणते?"

बाहेरून नवरा हसत म्हणाला, "म्हणते, तू लय थकली, माय. आता तू नीज जराशी."