सिंगल बेल

बेल एकदाच वाजली. म्हाताऱ्याने किल्लीवरचा हात तसाच ठेवून दुसऱ्या ठोक्याची वाट पाहिली. तो आला नाही.

बेल म्हणजे स्टीलच्या पेल्यावर चमचा. म्हाताऱ्याचा उभा जन्म सरकारी बस चालवण्यात गेला होता. एक ठोका म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, आणि कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय गाडी तसूभर हलवायची नाही, हा त्याचा धर्म. म्हणून या भाड्याच्या घरगाडीतही सून रोज सकाळी मागे उभी राहून पेला दोनदा वाजवायची आणि ओरडायची, "चला, बाबा!" घरगाडी तरी काय, चाकांवरची एक खोली. दोन बाक, एक शेगडी, बशीएवढं बेसिन. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.

आगगाडीने रस्ता एका दिवसाचा होता. नदी समुद्राला मिळते त्या गावी एक चित्रकलेचा मास्तर सुनेची वाट पाहत होता. पुढच्या आठवड्यात लग्न. स्थळ म्हाताऱ्यानेच शोधलं होतं. मुलगा गेला त्याला तिसरं वर्ष सरत आलं, पोरीने किती दिवस सासऱ्याच्या औषधांच्या वेळा सांभाळायच्या, असं तो चारचौघांत छातीठोकपणे बोलला होता. मग निघायची वेळ आली आणि आगगाडीची तिकिटं काढायची सोडून त्याने ही घरगाडी भाड्याने आणली.

"नदीकाठच्या जुन्या गावांवरून जाऊ," तो म्हणाला. "इतकी वर्षं तिथून बस नेली, पण स्टँडपलीकडे काही पाहिलं नाही."

हे खरंही होतं आणि सबबही होती. नोकरीत कधी लेट न झालेला माणूस आता गावोगाव रेंगाळत होता. दगडी पुलांखालून जाऊन आला. धान्याच्या वखारी पाहिल्या. भिंतींवर कोरलेल्या महापुरांच्या खुणांना हात लावला. जुन्या जकातघरावरची पाटी त्याने चष्मा लावून, मोठ्याने, खालच्या पेंटरच्या नावासकट वाचली.

"बाबा, परीक्षा आहे का उद्या?" सून हसायची. तेवढं ऐकायला तो आणखी एक पाटी शोधायचा.

आता फक्त शेवटचं गाव उरलं होतं.

सून पुढे येऊन शेजारच्या सीटवर बसली. तिचे डोळे सुजले होते.

"बाबा, परत फिरू या," ती म्हणाली. "मी त्यांना फोन करून नाही म्हणते. तुमच्याजवळच राहते मी."

म्हाताऱ्याच्या जिवात जीव आला. इतके दिवस आपण गाडी थांबवत होतो ती याच वाक्यासाठी, हे त्याला आत्ता कळलं, आणि त्याची त्याला लाज वाटली. नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. रस्ता चांगला रुंद होता. गाडी एका दमात वळली असती.

"नको," तो म्हणाला. "तू समोर दिसलीस की मला पोरगा आठवतो. घशाखाली घास उतरत नाही. आता मला एकट्याला राहू दे."

तिने मान खाली घातली. त्याने किल्ली फिरवली, गियर टाकला आणि बेल मिळालेली नसताना गाडी काढली. नदी उजव्या हाताला रुंद होत गेली. वाटेत एक पडका बुरूज लागला, पण त्याने ब्रेकला पाय लावला नाही. शेजारी बघायचंही त्याने टाळलं. बघितलं असतं तर तोंडातून खरं निघून गेलं असतं.

मास्तर धक्क्यावर उभाच होता. धावत येऊन त्याने बॅगा उतरवून घेतल्या.

"जेवल्याशिवाय जायचं नाही हं, बाबा," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने हातानेच नको म्हटलं. इंजिन त्याने बंदच केलं नव्हतं.

सून उतरली, चार पावलं गेली आणि वळून त्याच्या खिडकीशी आली. ती रडत होती, पण चेहरा किती तरी दिवसांनी मोकळा दिसत होता. तिने खिडकीवरचा त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"बरं झालं तुम्ही स्पष्ट बोललात, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही 'राहा' म्हणाल, याचीच मला रात्रभर भीती वाटत होती."