फ्रेंच राजाची खुर्ची

कारखान्याचे चेअरमन दिग्विजयअण्णा मंडपात शिरले आणि स्टेजवरचा राजा सिंहासनावरून उठला.

नाटकात तसं काही नव्हतं. नाटक फ्रेंच. त्यातला राजा दुसऱ्याचं राज्य बळकावतो, प्रजेचं धान्य खातो, मग बैल खातो, मग हवेवर कर बसवतो आणि काही झालं तरी खुर्ची सोडत नाही. पण राजा झालेला शिवतेज इथल्याच उंब्रजचा होता. अण्णा आले की बसलेल्यानं उठायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. गुडघ्यांनाच ठाऊक होतं.

"आवं अण्णा, हिकडं या की. बसा," मुकुट काढून तो म्हणाला.

अण्णा चढले. बसले. टाळ्या पडल्या.

विंगेत दिग्दर्शक शाहनवाज उभा होता. सांगलीत नाटक शिकून आलेला. शेवटचा प्रवेश गाळ, असा निरोप अण्णांच्या माणसांनी दोनदा धाडला होता. त्यानं ऐकलं नाही. मग ठरलेला हॉल गेला, दोन नट गेले, वडिलांच्या बेकरीची वीज सारखी जायला लागली. तरी तो एकच म्हणत राहिला, "राजाला वढून खाली पाडलं न्हाई, तर ह्ये नाटकच न्हाई."

प्रयोग पुढं चालला. प्रजा गयावया करत आली. "महाराज, प्यायला पाणी न्हाई!"

अण्णांना संवाद माहीत नव्हते. "बघू. अर्ज द्या," ते म्हणाले.

मूळ संवादापेक्षा हे बरं होतं. मंडप खदखदून हसला. सर्वांत जास्त अण्णा हसले.

मग शेवटचा प्रवेश आला. प्रजेतली अंकिता आणि चार पोरं जाड दोर घेऊन सिंहासनापाशी आली आणि थबकली. अंकिताच्या हातात फास लोंबत होता. हसू विझलं. मागचा जनरेटर ऐकू यायला लागला.

"ह्यो दोर कशाला गं, पोरी?" अण्णांनी मायेनं विचारलं.

अंकितानं विंगेकडं पाहिलं.

"दादा, टाकू?"

शाहनवाज स्टेजवर आला. तिच्या हातातला फास घेतला. गाठ घट्ट होती, सोडायला वेळ लागला.

"गर्दीसाठी हाय, अण्णा," तो म्हणाला. "लोक तुमच्या अंगावर येत्यात न्हवं."

पाचही जण सिंहासनापुढं रांगेत उभे राहिले. दोर ताणून, तोंडं लोकांकडं करून.