बाराव्या रांगेतल्या दोन खुर्च्या

“पिरोगी घे अजून दोन. दर रविवारी टीव्हीवर एवढं बोलतोस, भूक लागत असेल,” म्हणत डोलोरेस पेत्राकनं बटाटा भरलेल्या त्या उकडलेल्या करंज्या रॉसच्या ताटात वाढल्या आणि ती त्याच्यासमोर बसली.

तासाभरापूर्वी रॉसच्या बापाला टेकडीवर पुरून सगळे चर्चच्या दालनात जेवायला आले होते. बंद पडलेल्या पोलाद कारखान्यातले म्हातारे कामगार कोबीच्या गुंडाळ्या खात हळू आवाजात बोलत होते. रॉसकडे बघत होते, पण जवळ कुणी येत नव्हतं.

रॉस हव्रिला चौदा वर्षं म्यूल्स, म्हणजे ‘खेचरं’, नावाच्या संघाकडून अमेरिकन फुटबॉल खेळला. समोरून धावत येणाऱ्याला आडवा पाडणं हे त्याचं काम. निवृत्तीनंतर तेच काम तो जिभेनं करू लागला. फ्लोरिडात तळ्याकाठी घर, सात गाड्या, तीन शहरांत त्याच्या नावाची हॉटेलं. हे सगळं उभं राहिलं ते एका धक्क्यावर.

त्याचा तो शेवटचा सामना होता. जानेवारीची कडाक्याची थंडी, आणि संघ हरलेला. म्यूल्सचं ते खेचर, म्हणजे राखाडी केसाळ अंगरखा आणि भलंमोठं डोकं चढवून प्रेक्षकांना हसवणारा माणूस, रॉसच्या खांद्यावर हात ठेवायला आलं. रॉसनं दोन्ही हातांनी त्याला ढकललं. खेचर गोठलेल्या जमिनीवर उताणं पडलं, त्याचा डावा कान फाटून लोंबू लागला. खेचरानं कधी बोलायचं नाही, आत कोण आहे ते कुणी विचारायचं नाही, ही संघाची रीत. पडल्यावरही ते बोललं नाही.

“हरल्यावर मला खेचराकडून सांत्वन नको,” रॉस कॅमेऱ्यासमोर म्हणाला. सारा देश हसला. त्या एका वाक्यानं त्याला टीव्हीवर नोकरी मिळवून दिली. आजही त्याच्या कार्यक्रमाची सुरुवात त्या धक्क्यानंच होते. कपांवर, सदऱ्यांवर तेच चित्र.

“मावशी, एक विचारायचंय,” रॉस म्हणाला.

“विचार की. तू कधीपासून परवानगी मागायला लागलास?”

डोलोरेस बापाची शेजारीण. मैदानाच्या तिकीट खिडकीवर तिची सारी हयात गेली. प्रत्येक खेळाडूला घरच्यांसाठी दोन तिकिटं मिळत. रॉस दर सामन्याला बापाच्या नावानं पाकीट खिडकीवर ठेवायचा. बारावी रांग, कडेच्या दोन खुर्च्या. पाकीट दर वेळी उचललं जायचं. खुर्च्या मात्र रिकाम्या.

“चौदा वर्षं,” रॉस म्हणाला. “कुणालाही आडवा पाडला की मी आधी त्या रांगेकडे बघायचो. लोकांना वाटायचं, मी प्रेक्षकांना आव्हान देतोय.”

“आणि मग टीव्हीवर सांगितलंस, बापानं माझी तिकिटं विकली.”

“विकली नाहीत का?”

“विकली असती तर खुर्चीत कुणी बसलं नसतं का रे? एवढा पैसा कमावलास, एवढं साधं कळलं नाही?”

रॉसनं हातातला काटा ताटात ठेवला. असं त्याला कुणी सुनावल्याला बरीच वर्षं झाली होती.

“पाकीट तो स्वतः यायचा घ्यायला,” डोलोरेस म्हणाली. “सामन्याच्या तीन तास आधी. सकाळी इथं मेणबत्ती लावायची, मग खिडकीवर. तुझी तिकिटं छातीच्या खिशात ठेवायचा, वरून हात फिरवायचा आणि आत जायचा.”

“आत कुठं?”

तिनं पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला. “तू खेळणं सोडलंस त्या हिवाळ्यात खुबा मोडला, तरी चर्च चुकलं नाही त्याचं. काठी टेकत रोज यायचा. तू फुलं पाठवली होतीस.”

“बर्फावर घसरलो म्हणाला होता फोनवर.”

“म्हणाला असेल.”

“मावशी, मला घर नको, काही नको. एवढंच सांग. त्यानं मला एकदा तरी खेळताना पाहिलं का?”

डोलोरेसनं गळ्यातला क्रूस मुठीत धरला. “त्यानं मला शपथ घातलीय. माणूस गेला म्हणून शपथ जात नाही. मी सांगणार नाही.” मग तिनं पर्समधून एक किल्ली काढून ताटाशेजारी ठेवली. “पण दाखवू नकोस, असं तो म्हणाला नव्हता. त्याच्या घरी मागच्या दारानं जा. त्याचे कामाचे कपडे आहेत खाली.”

त्या गावात प्रत्येक घराला तसं तळघर होतं. कारखान्यातून आलेला माणूस मागच्या दारानं थेट खाली उतरायचा, तिथंच अंघोळ करायचा, कामाचे कपडे खुंटीला टांगून मगच वर यायचा. काजळी घरात आणायची नाही आणि पोरांनी खाली उतरायचं नाही. कारखाना बंद झाला, बाप मिळेल ते काम करू लागला, तरी तो मागच्याच दारानं येत राहिला. काय काम करतो, ते त्यानं कधी सांगितलं नाही. रॉसनंही विचारलं नाही.

रॉस पंचेचाळीस वर्षांचा होता आणि त्या पायऱ्या आज पहिल्यांदा उतरत होता.

खाली साबणाचा वास अजून होता. भिंतीवर मेरीची तसबीर, तिच्याखाली विझलेला दिवा, सुईदोऱ्याचा डबा. शेजारी एका चपलांच्या खोक्यात तिकिटांची पाकिटं ओळीनं लावलेली. एकही फोडलेलं नव्हतं.

खुंट्या दोन होत्या. पहिलीवर कारखान्याचा जाड कोट आणि लोखंडी टोपी. दुसरीवर काहीतरी मोठं, स्वच्छ पांढऱ्या चादरीनं झाकलेलं.

रॉसनं चादर ओढली.

राखाडी केसांचं, खेचराचं भलंमोठं डोकं होतं ते. डावा कान काळ्या दोऱ्यानं, बारीक टाके घालून, परत शिवलेला.