नेसवणारा

डमीच्या कमरेवरून लुगडं तिसऱ्यांदा घसरलं. पायाशी निऱ्यांचा ढीग झाला. काउंटरमागे बिलं करणारी सृष्टी तोंडाला ओढणी लावून हसली.

“हवालदार, तंबू ठोकताय का लुगडं नेसवताय?” लालासाहेब म्हणाला. तो दुकानातला सगळ्यात जुना सेल्समन.

नाथाजीने खाली वाकून निऱ्या गोळा केल्या. सांगलीच्या या दुकानात लग्नाचे बस्ते बांधले जात. आजकालच्या नवरीला मंडपात नऊवारी हवी असते, पण नेसता येत नाही. म्हणून दुकानाने पेपरात जाहिरात दिली होती, नेसवून दाखवणारा सेल्समन पाहिजे. ती वाचून तो पलूसहून पहिल्या एसटीने आला होता. पगाराचं विशेष नव्हतं, फौजेचं पेन्शन होतं. पण वर्ष झालं, घरात हातांना काही कामच उरलं नव्हतं. दिवस सरता सरत नव्हता.

कोऱ्या कापडाच्या वासाने त्याला भलतंच आठवत होतं. चाळीस वर्षांपूर्वी याच पेठेत त्याच्या लग्नाचा बस्ता बांधला होता. दोन्हीकडची माणसं ट्रक भरून आलेली. नवऱ्या मुलाला कोण विचारतंय? तो पायरीवर बसून भेळ खात होता. आत त्याच्या नवरीने, चंद्राबाईने, पातळाची एक घडी उचलली, मामीची पाठ वळलेली बघून गालाला लावली, आणि नेमकं तेव्हाच तिचं लक्ष बाहेर गेलं. दोघंही लाजले. पुढे तो वर्षातून दोन महिने सुट्टीवर यायचा. ती दाराआड जायची आणि चुलीवरचा चहा उतू जायच्या आत काष्टा खोचून बाहेर यायची. कशी नेसते, हे त्याने कधी पाहिलंही नव्हतं.

“काका, राहू द्या,” दुकानाची मालकीण संयोगिता हळूच म्हणाली. “आम्ही फोन करू तुम्हाला.”

असा फोन येत नसतो, हे नाथाजीला ठाऊक होतं.

“ताई, येक डाव बघू द्या. हिला जरा आडवी करू का?”

“घ्या!” लालासाहेबाने कपाळावर हात मारला. “नवरी आता मंडपात झोपायची व्हय?”

संयोगिताने गादीवरच्या साड्या बाजूला सारल्या. मग म्हणाली, “करा.”

त्याने डमी स्टँडवरून काढली आणि पांढऱ्या गादीवर निजवली. मानेखाली हात घालून डोक्याशी तक्क्या सरकवला. कमरेला गाठ मारली. निऱ्या एकसारख्या पडत गेल्या. “हां, आता ह्या कुशीला,” तो पुटपुटला आणि डमी अलगद वळवली. काष्टा मागे खोचला. “झालं, झालं. लागलं न्हाई न्हवं?” शेवटी त्याने पाठीखालून तळहात फिरवला. कापडाची एक चुणी हाताला लागली. ती त्याने बोटांनी सपाट केली.

सृष्टी हसायची थांबली होती. लालासाहेबाने पुढे होऊन डमी उभी करायला हात लावला. लुगडं जागचं हललं नाही.

“किती वर्षं, काका?” संयोगिताने विचारलं.

“अकरा. मंडळी हातरुनावरच हुती. पोरींनी गाऊन आणलं हुतं. लय चिडली. म्हनली, ह्याचं पोतेरं करा, लुगड्याबिगर मी ऱ्हायची न्हाई. मग काय, शिकलो.”

“उभीला नेसवायचं मी दावतो,” लालासाहेब दुसरीकडे बघत म्हणाला. “त्यात काय न्हाई, गड्या.”

संयोगिताने टेबलावरचा फॉर्म पुढे ओढला. “उद्या दहाला या, काका.” नाव लिहिता लिहिता तिने सहज विचारलं, “हे रोजच्या लुगड्याचं झालं. नवरीचा शालू कधी नेसवलाय का?”

“येकदाच. गेल्या माघात. भावकीतल्या बाया आल्या हुत्या, सवाष्णीला न्हाऊ घालून नेसवायला. मी म्हनलं, सरा बाजूला. आजचं बी मीच नेसवतो.”