घरात कुणाला?

डोळ्यांवर गुलाबपाण्यातले कापसाचे बोळे पडले आणि भाग्यश्रीला एकदम बरं वाटलं. आता तासभर तरी कुणी काही मागणार नव्हतं. बिबवेवाडीतल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या पार्लरमध्ये दुपारचं दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. पंखा हळू फिरत होता. खाली टेम्पोवाला कलिंगडं विकत होता, पण त्याची आरोळीसुद्धा पाण्याखालून आल्यासारखी येत होती.

फेशियल हा आपला बहाणा. ती आली होती गुलाबी डबीसाठी. छातीला पुन्हा उभारी देणारं क्रीम, शंभर टक्के वनस्पतींचं. दोन बाळंतपणं झाली, छत्तिसावं सरत आलं. नवरा, दत्तप्रसाद, काही बोलला नव्हता. पूर्वी बोलायचा, हल्ली बोलत नाही, तेच तर तिला खुपत होतं. लग्नाचा दहावा वाढदिवस परवावर आला होता.

पार्लरवाली अरिबा मात्र महाचिकट. डबीबरोबर कंपनीचा प्रश्नांचा कागद येतो, तो इतर पार्लरवाल्या सरळ केरात टाकतात. ही तो भरून घेतल्याशिवाय झाकण उघडायची नाही.

"ताई, झोपू नका. घरात कुणाला शुगर?"

"सासूबाईंना."

"बीपी?"

"सासऱ्यांना. मुलं अशीच वागली तर मलाही लवकरच."

"थायरॉइड?"

"जाऊबाईंना. गोळ्या स्वतः विसरतात आणि खापर माझ्यावर."

"कॅन्सर?"

"नाही गं बाई. आमच्या घरात तसलं काही नाही."

पेन कागदावर टकटकलं. "झालं. पडा आता निवांत."

भाग्यश्री पडली, ती थेट वाशीमच्या ओसरीवर. ऊन उतरलं होतं. आई चटईवर बसून कापसातली सरकी काढत होती. कुणाकडे तरी हळदीकुंकवाला जायचं होतं. चिमूट चिमूट कापूस ती ब्लाउजच्या डाव्या बाजूला भरत होती, कारण ऑपरेशननंतर डावीकडे काहीच उरलं नव्हतं.

"भागे, बघ गं, दोन्हीकडे सारखं दिसतंय का?"

दहा वर्षांची भागी एक डोळा मिटून, शिंप्याच्या ऐटीत बघायची. मग दोघी खुदुखुदु हसायच्या. एवढ्यात मावशी येऊन आईशेजारी बसली. तिच्याही मांडीवर कापूस. मावशीचं दुखणं कितीतरी वर्षांनंतरचं, पण स्वप्नाला काय त्याचं! दोघींनी सरकून चटईवर जागा केली. "ये, बस," आई म्हणाली. इतक्या मायेनं म्हणाली की भाग्यश्री बसायला निघालीच.

"डावीकडे थोडा अजून," ती पुटपुटली.

"काय डावीकडे, ताई?" अरिबानं विचारलं. डबी उघडली होती. मोगऱ्याचा वास सुटला होता.

"कापूस. आईच्या. छातीचा कॅन्सर होता ना तिला. मावशीलाही."

बोळ्यांच्या अंधारात भाग्यश्रीला झाकण परत लावल्याचा आवाज आला.

"आणि मघाशी नाही म्हणालात?"

"तू घरातलं विचारलंस. हे माहेरचं."

अरिबानं दोन्ही बोळे उचलले. "अन् हे अंग हो, ताई? हे काय सासरहून मिळालं?"

भाग्यश्रीला हसू आलं. ते अर्ध्यातच विरलं. उजेड डोळ्यांना टोचत होता.

अरिबानं डबी उलटी केली आणि बुडाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं वाचलं, "रक्ताच्या नात्यात स्तनाचा कॅन्सर असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वापरू नये." मग म्हणाली, "बघा. बायकांच्या हार्मोनसारखं काम करणारं काहीतरी आहे म्हणे यात."

"वनस्पतींचंच आहे ना पण?"

"धोतराही वनस्पतीच आहे."

"म्हणजे अपाय होतो?"

"होईलच असं नाही. होणार नाही असंही नाही. माझ्या कोर्सात हे शिकवलं नाही, ताई, आणि मी थापा मारणार नाही. डॉक्टरांना विचारा. क्रीमचं राहू द्या, आधी स्वतःला दाखवून या. असलं दुखणं आईकडून लेकीकडे येऊ शकतं. हल्ली रक्त तपासून सांगतात."

"आई गेली तेव्हा अडतीसची होती," भाग्यश्री म्हणाली. आपण दोनच वर्षांनी मागे आहोत, हे तिनं आजवर कधी मोजलं नव्हतं. ती घाबरली. चांगलीच घाबरली.

तिनं कागद मागून घेतला. 'नाही' खोडलं. 'घरात कुणाला?' या शब्दांपुढे लिहिलं, आई. मावशी. लग्नाला दहा वर्षं होत आली, पण या दोघी तिच्या घरात आज पहिल्यांदा आल्या.

मग ओढणी नीट करत ती आरशापुढे उभी राहिली. डोळ्यांत झोप अजून होती. आरशात खिडकीतलं ऊन होतं, आणि उन्हात ती ओसरी, ती चटई. चटईवरची मोकळी जागा तशीच होती.

"अरिबा," ती हळूच म्हणाली, "बघ गं, दोन्हीकडे सारखं दिसतंय का?"

अरिबाला त्यातलं काय कळलं कोण जाणे. तिनं एक डोळा मिटून नीट पाहिलं.

"दिसतंय," ती म्हणाली. "दिसतंय तोवर दाखवून या."