शिक्का उमटेना

एकतीस मार्चच्या सकाळी मंत्री रणजीतराव थिटे यांच्या सत्कारखर्चाच्या फाइलवर कोषागारात यंदाच बसवलेला बोलका यंत्रशिक्का उमटलाच नाही. कोषागार अधिकारी अनसूयाबाई लोटलीकरांनी तो पुन्हा दाबला. शिक्का शांतपणे म्हणाला, “मर्जीखर्चाची, म्हणजे मंत्र्यांच्या इच्छेने करायच्या खर्चाची, यंदाची कायदेशीर मर्यादा संपली आहे.”

“अहो बाई, सत्कार उद्यावर आलाय! हेलिकॉप्टरमधून फुलं पडायची आहेत,” थिटे म्हणाले. “दरवर्षी करता तसं करा. कातळवाडीच्या ओढ्यावरच्या साकवाचे पैसे इकडे वळवा.”

बाकावर बसलेल्या कातळवाडीच्या सरपंच हौसाबाई खरातांनी पदर घट्ट धरला. गेली तीन वर्षं दर मार्चअखेरीस त्या अशाच रिकाम्या हातांनी परतल्या होत्या, आणि गावातली मुलं अजूनही टायरच्या ट्यूबवर बसून ओढा ओलांडत शाळेत जात होती.

अनसूयाबाईंनी निमूटपणे तसा आदेश टाईप करून शिक्क्याखाली धरला. शिक्क्याने तो वाचला.

“साकव हा बांधील खर्च आहे, ठरलेल्या कामासाठीच राखलेला. तो मर्जीखर्चाकडे वळवता येत नाही.”

“हे यंत्र नोकर कुणाचं?” थिटे गरजले.

“कायद्याचं, साहेब. माझ्यासारखंच,” अनसूयाबाई हळूच म्हणाल्या, आणि त्यांनी साकवाची फाइल पुढे ठेवली. शिक्का असा दणक्यात उमटला, की साहेबांसाठी आणलेला चहा बशीत सांडला.

हौसाबाईंनी गावात फोन लावला. पलीकडून अख्ख्या शाळेचा गलका ऐकू आला. मग त्या थिट्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले.

“उद्घाटनाला नक्की या, साहेब. साकवावर गाडी चढत नाही, तेवढं चालत यावं लागेल.”