एकोणतीस फेब्रुवारीची टेस्ट

पॅकेज टेस्टमध्ये नापास होत होते, म्हणून ते लिहिणाऱ्याने टेस्टच काढून टाकली होती. खाली प्रामाणिकपणे कारणही दिले होते: ‘२९ फेब्रुवारी फारसा येत नाही.’

बापाने चष्मा कपाळावर सरकवला आणि जेवणाच्या टेबलावरच्या लॅपटॉपकडे, काही दिसत नसताना, तसाच पाहत बसला. कोणीही लिहावे, कोणीही फुकट न्यावे अशा सॉफ्टवेअर पॅकेजेसचे एक सामायिक भांडार होते आणि आत येणारा माल तपासायला तो दारावर बसत असे. पगार नव्हता. शिव्या नियमित मिळत. आजचे पॅकेज दोन तारखांमधले दिवस मोजणारे होते आणि लीप वर्षातला एक दिवस ते बिनबोभाट गिळत होते.

मंजुरीला बापासारखे दोन रिव्ह्यूअर लागत. दुसऱ्याने पॅकेज येताक्षणी उंचावलेला अंगठा दिला होता. तो सगळ्यांनाच देई. घरात त्याचे नाव अंगठेबहाद्दर पडले होते. बापाने सकाळीच पॅकेज अडवले आणि चारचौघांत त्याला लिहिले, ‘कृपया न वाचता मंजुरी देऊ नये. प्रत्येक ओळ वाचावी.’ चारचौघांत लिहिणे भाग होते. पॅकेजबद्दलचा प्रत्येक शब्द त्याच्या पानावर, सर्वांना दिसेल असाच लिहायचा. फोन नाही, कानगोष्टी नाहीत, ओळखीपाळखी नाहीत, असा भांडाराचा नियम होता. तो बापानेच केला होता.

पानावर खाली रांग लागली होती. कधी होणार? एवढ्याशा गोष्टीला एवढा वेळ? रिव्ह्यूअर जिवंत आहेत का? हा शेवटचा प्रश्न ‘झोपमोड’ या नावाने आला होता. झोपमोड आतल्या खोलीत पलंगावर मांडी घालून बसली होती आणि तिला सायकल बापानेच शिकवली होती. पेशंटना इंजेक्शनच्या तारखेची आठवण करून देणारे तिचे अ‍ॅप दुपारी गिऱ्हाइकाला दाखवायचे होते. दिवस मोजायला त्यात हेच पॅकेज होते आणि भांडाराच्या मंजुरीवाचून तिची कंपनी कशालाही हात लावू देत नसे. डेमो झाला तर तिची कच्ची नोकरी पक्की होणार होती.

ती बाहेर आली. “बाबा, दुपारी डेमो आहे.”

“पॅकेजबद्दल असेल तर तिथे लिही.”

“मी तुझ्यासमोर उभी आहे.”

“म्हणूनच.”

ती आत गेली. थोड्याच वेळात पानावर उमटले, ‘आदरणीय रिव्ह्यूअर, आज २९ फेब्रुवारी नाही.’ बापाने उत्तर दिले, ‘आदरणीय झोपमोड, ज्या पेशंटचे इंजेक्शन त्या दिवशी असेल त्याला हे आपण कळवावे.’

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आई शाळेचे पेपर तपासत होती. मधली भिंत पातळ आहे, नुसते ओरडलात तरी एकमेकांना ऐकू जाईल, असे तिने सुचवले. ओरडणे खासगी संवादात मोडते, असे बापाने तिला सांगितले. आईने हातातल्या पेपरला सढळ हाताने मार्क दिले.

मग आतून बराच वेळ फक्त कीबोर्ड वाजत राहिला. नंतर पानावर एक नवी दुरुस्ती आली. दुरुस्ती आली की आधीचा अंगठा बाद होई. काढलेली टेस्ट परत जागेवर होती. दिवस गिळणारी ओळ नीट केली होती. शतक बदलतानाच्या वर्षांसाठी, कोणी न सांगता, आणखी एक टेस्ट लिहिली होती. प्रेषक: झोपमोड.

बापाने चष्मा खाली घेतला. वाचले. परत वाचले. वाचता वाचता तो ताठ बसला. दारावर इतकी वर्षे बसून असा माल त्याने फार थोडा पाहिला होता. बोट मंजुरीच्या बटणापर्यंत गेले आणि थांबले. नात्यातल्या माणसाचे काम आपण मंजूर करायचे नाही. बाजूला व्हायचे, मग दुसऱ्याची एकट्याची मंजुरी पुरते. हाही नियम त्याचाच. त्याने लिहिले, ‘ही माझी मुलगी आहे. मी बाजूला होतो.’

“बाबा, बघितलंस?” आतून आवाज आला.

आता त्याला पानावर लिहिता येत नव्हते आणि घरात बोलता येत नव्हते. आईने डोळ्यांनीच विचारले, चांगले आहे का? त्याने मान डोलावली. मान डोलावण्याबद्दल नियम नव्हता.

काळजीचे कारणही नव्हते. अंगठेबहाद्दराला असा किती वेळ लागणार? मुलगी लॅपटॉप घेऊन टेबलाशी येऊन बसली. तिघे पानाकडे पाहत राहिले. अंगठा येईना. चहावर साय धरली. मग निरोप उमटला आणि मुलीने तो मोठ्याने वाचला.

“सकाळच्या सूचनेबद्दल आभार. खरं सांगतो, लाज वाटली. आता प्रत्येक ओळ वाचतो आहे. पॅकेज मोठं आहे, पहिल्याच फाइलवर आहे. सोमवारपर्यंत कळवतो.”

आईने लाल पेन खाली ठेवले. “फोन कर त्याला. नंबर आहे ना तुझ्याकडे?”

बापाने फोन उचलला. त्याच्याकडे पाहिले. आणि पालथा ठेवला.

मुलगी उठली. लॅपटॉप उचलून आत गेली आणि तिने दार लावून घेतले. क्षणभराने पानावर, अंगठेबहाद्दराच्या निरोपाखाली, एक उंचावलेला अंगठा आला. झोपमोडचा.

भिंत पातळच होती.

“नाही सर, आज नाही दाखवता येणार,” आतून ऐकू आले. “वाचतायत ते.” मग जरा थांबून, “हो सर. प्रत्येक ओळ.”